डायलिसिस चालू असताना आभार मानायचे तरी कसे? माझी पद्धत, स्टेप बाय स्टेप

मी नाशिकला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, म्हणजे चालवायचो म्हणा, आता बरंचसं कारागीर बघतो आणि मी मंगळवार-गुरुवार-शनिवार जाऊन बसतो. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस, किडन्या गेल्यात म्हणून मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. प्रत्येक वेळी ४ तास, वर्षाला १५६ वेळा, आणि ही माझी चार वर्षं पूर्ण झालीत, हिशोब तुम्हीच करा.

डायलिसिस युनिटमध्ये नवीन आलेले लोक विचारतात, दादा तुम्ही एवढे शांत कसे? खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मी घरात कुणाशी धड बोललो नव्हतो, कारागिरावर पाना फेकून मारला होता (लागला नाही, नशीब). शांत वगैरे नंतर झालो आणि तेही रोज नसतो. पण काही गोष्टी करत गेलो त्याने फरक पडला, त्या ज्या क्रमाने केल्या त्याच क्रमाने लिहितोय. तुमचा आजार वेगळा असेल, केमो चालू असेल, पॅरालिसिस असेल, तर मशीनच्या जागी तुमचं जे काय असेल ते धरा. आणि औषध, पाणी, खाणं याबाबत तुमचे डॉक्टर सांगतील तेच फायनल, मी मोटरवाला माणूस आहे.

पहिली स्टेप: आधी मनसोक्त चिडून घ्या

आजार कळला की आठ दिवसांत फोनवर सुविचार यायला लागतात. पॉझिटिव्ह राहा, देव परीक्षा घेतो, सगळं चांगल्यासाठीच होतं. माझ्या एका नातेवाईकाने तर समोर बसून सांगितलं, "तुझ्यापेक्षा वाईट हाल असलेल्यांकडे बघ, म्हणजे बरं वाटेल." मी बघितलं. शेजारच्या बेडवर विशीतला एक मुलगा होता. मला अजिबात बरं वाटलं नाही, उलट लाज वाटली, की आपलं मन सांभाळायला आपण त्या पोराचा आजार वापरतोय.

तेव्हापासून माझा पहिला नियम असा की तुलना करून आभार मानायचे नाहीत. "त्याचं बघ, माझं बरं आहे" हा टेकू फार कच्चा असतो, उद्या तुमचं त्याच्यापेक्षा वाईट झालं की तो गेला.

मग करायचं काय, तर एक २०० पानी वही आणा, साधी रेघांची. डावं पान तक्रारींचं, उजवं पान सध्या कोरं ठेवा. डाव्या पानावर जे मनात येतं ते लिहा, शिवी आली तर शिवी. माझं पहिलं पान आजही आहे, त्यावर लिहिलंय, "दारू नाही तंबाखू नाही आणि हे मलाच का, बीपीची गोळी कंटाळा करून सोडली म्हणून?" तर हो, बीपीमुळेच किडन्या गेल्या, ते कबूल करायला मला पाच पानं लागली. ही पानं भरल्याशिवाय पुढच्या स्टेपला जाऊ नका, कारण आत वाफ कोंडलेली असताना वरून आभाराचं झाकण लावलं तर ते कधीतरी उडतंच, आणि बहुतेक वेळा घरच्यांच्या तोंडावर उडतं.

दुसरी स्टेप: जे भीती घालतंय ते समजून घ्या

पहिला महिना मी डायलिसिसला डोळे मिटून पडायचो. मशीनकडे बघायचंच नाही. मग एकदा टेक्निशियन दादाला सहज विचारलं की हा जो गोल फिरतोय तो कुठला पंप, आणि तिथून माझं डोकं जागेवर यायला लागलं, कारण पंप हा माझा विषय आहे!

तर तो रोलर पंप. नळीला बाहेरून दाबत दाबत रक्त पुढे ढकलतो, रक्ताला पंपाचा हातच लागत नाही. मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिली. माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं, म्हणजे ४ तासांत सगळं रक्त बारा-चौदा वेळा बाहेर जाऊन साफ होऊन परत येतं. फिल्टरमध्ये हजारो केसासारख्या पोकळ नळ्या, आतून रक्त, बाहेरून डायलिसिसचं पाणी, तेही मिनिटाला ५०० मिलीच्या आसपास. म्हणजे एका बैठकीत १२० लिटर. माझ्या रक्ताशेजारून १२० लिटर पाणी वाहून जातं आणि मला दिवसाला पाऊण लिटर प्यायची परवानगी, हा जोक मी प्रत्येक नवीन पेशंटला सांगतो, अजून कुणी फार हसलेलं नाही.

मग मी शोधत गेलो की हे कुणी बनवलं. डॉ. विलेम कोल्फ, नेदरलँड्समधल्या कांपेन गावात, १९४३ साल, देशावर जर्मनांचा कब्जा, सामान मिळत नाही, तर या माणसाने सॉसेजला गुंडाळतात ती सेलोफेनची नळी ड्रमला गुंडाळून कृत्रिम किडनी बनवली. सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट गेले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. पण तेव्हा प्रत्येक वेळी नवीन नस कापायला लागायची, त्यामुळे कायमचं डायलिसिस कुणाला शक्य नव्हतं. मार्च १९६० मध्ये अमेरिकेत सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली, तो पेशंट क्लाइड शील्ड्स, पुढे अकरा वर्षं जगला. आणि तो कोण होता माहितीये? बोइंग कंपनीत मशिनिस्ट. म्हणजे आपल्यातलाच, हाताला ऑइल लागलेला माणूस! हे वाचलं तेव्हा युनिटमध्ये बसल्या बसल्या अंगावर काटा आला. माझ्या वहीच्या उजव्या पानावरची सगळ्यात पहिली ओळ आहे, "शील्ड्स साहेब, तुम्ही पहिले बसलात म्हणून मी बसलोय."

तेव्हा तुमच्या आजाराचंही असंच शोधा. तुम्ही जी गोळी घेताय, जे मशीन वापरताय, ते कुणीतरी कधीतरी धडपडून केलंय, पहिल्या पेशंटने जीव धोक्यात घालून घेतलंय. देवाचे आभार मानणाऱ्यांनी जरूर मानावेत, मला देवाशी तेव्हा बोलायचंच नव्हतं, त्यामुळे मला माणसं सोपी पडली.

तिसरी स्टेप: सकाळी उठल्यावर एक मिनिट

ज्यांना फिस्टुला आहे त्यांना कळेल. हाताची धमनी आणि शीर जोडून जो करतात तो. त्यावर बोटं ठेवली की झिणझिण लागते, डॉक्टर त्याला थ्रिल म्हणतात. आम्ही मोटर चालू केली की बॉडीवर हात ठेवून बघतो बेअरिंग नीट आहे का, अगदी तसंच. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी उजवा हात डाव्या हातावर ठेवतो. झिणझिण लागली, चला, लाइन चालू आहे.

मुळात ही काही आध्यात्मिक गोष्ट नाही, सगळ्या पेशंटनी रोज तपासायलाच पाहिजे, आणि थ्रिल लागली नाही तर वाट न बघता त्याच क्षणी युनिटला फोन करायचा, फिस्टुला बंद पडला असेल तर वेळेला किंमत असते. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सलाइन नाही, घट्ट घड्याळ नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, जड उचलायचं नाही. पण तपासायचंच आहे तर त्यातच आभार घालून टाकायचे, वेगळा वेळ काढावा लागत नाही. ज्या गोष्टी आजारामुळे कराव्याच लागतात त्यातली एक निवडा, इन्सुलिनचं इंजेक्शन असेल, सकाळची गोळी असेल, आणि तेवढं एक मिनिट ते काम घाई न करता करा. बस.

चौथी स्टेप: पाणी (इथे मी जास्त वेळ घेणार)

ज्याला लघवीच होत नाही त्याच्या अंगात प्यालेलं सगळं साठतं. एक लिटर म्हणजे एक किलो वजन. सुजलेला चेहरा, धाप, रात्री आडवं झोपता न येणं, आणि मग डायलिसिसमध्ये एकदम तीन-चार किलो ओढलं की बीपी पडतं, पोटऱ्यांना असे गोळे येतात की माणूस बेडवर उभा राहतो. मला दिवसाला ७५० मिली सांगितलंय, त्यात चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं आलं. मिसळीची तर्रीसुद्धा पाण्यातच मोजायची, आणि नाशिककराला हे सांगणं म्हणजे काय ते नाशिककरालाच कळेल.

पहिल्या उन्हाळ्यात मी चोरून पाणी प्यायलो. बाथरूममध्ये नळाला तोंड लावून, ४५ वर्षांचा माणूस, बाहेर बायको उभी. सोमवारी वजन पावणेपाच किलो जास्त. तो दिवस मी विसरणार नाही.

मग जमवलं ते असं. सकाळी ७५० मिलीची बाटली भरायची, दिवसभरात चहा घेतला तर तेवढं पाणी बाटलीतून काढून झाडाला घालायचं, आमटी घेतली की तेवढं अजून. हिशोब डोळ्यासमोर राहतो. ग्लास बंद, आईचं छोटं फुलपात्र घेतलं. उन्हाळ्यात त्यातल्याच शंभर मिलीचे बर्फाचे खडे करायचे, एक खडा तोंडात बराच वेळ टिकतो. लिंबाची फोड चोखायची, लवंग धरायची, गुळण्या करून थुंकून टाकायचं. आणि खरी मेख मिठात आहे. लोणचं, पापड, फरसाण खाल्लं की कितीही मन घट्ट केलं तरी तहान लागणारच, तिथे मनाची ताकद वगैरे काही चालत नाही, त्यामुळे मीठ तोडा. मात्र बाजारातलं लो सोडियम मीठ आणू नका, त्यात बहुतेकदा पोटॅशियम असतं, ते आपल्याला विष. नारळपाणी पण नाही. कमरख, ते चांदणीसारखं आंबट फळ, ते तर किडनीवाल्याने चुकूनसुद्धा नाही.

आता यात आभार कुठे आले? सांगतो. माझ्या वाट्याला सकाळी एक कटिंग येतो, ६० मिली. आधी दुकानात दिवसाला सात-आठ चहा व्हायचे, एकाचीही चव आठवत नाही, फोन कानाला, हातात मल्टिमीटर, चहा थंड, गटकन संपवायचा. आता तो एक कटिंग मी ओट्यावर बसून पितो, फोन आत ठेवून. घोट मोजले आहेत, अकरा होतात. आलं किती घातलंय ते दुसऱ्या घोटाला कळतं. मला कुणी विचारलं की आजारपणाने काय दिलं, तर मी "काही दिलं नाही, घेतलंच" असंच म्हणतो, आजाराचे आभार मानायच्या मी सक्त विरोधात आहे, पण हे अकरा घोट मात्र नंतरच कळले.

तेव्हा तुमची जी गोष्ट मोजूनमापून वाट्याला येते, चालणं असेल, गोड असेल, दोन तासांची झोप असेल, ती मोजा, आणि तेवढ्या वेळात दुसरं काही करू नका.

पाचवी स्टेप: उजवं पान

आता वहीचं उजवं पान. मी लिहिण्याच्या बाबतीत आळशी आहे म्हणून आधी विचारलं की याने खरंच काही होतं का. एमन्स आणि मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये जो अभ्यास छापला त्यात एक भाग नसा-स्नायूंचे आजार असलेल्या लोकांवर होता, २१ दिवस रोज ज्यांनी आभाराच्या गोष्टी लिहिल्या त्यांचा मूड इतरांपेक्षा बरा होता आणि झोपही सुधारली. आजार बरा झाला असं काही त्यांनी म्हटलेलं नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

मला रोज जमलं नाही. रोज लिहायला गेलं की चौथ्या दिवशी "कुटुंब, हवा, सूर्य" असं लिहायला लागतो माणूस, शाळेतल्या निबंधासारखं. म्हणून मी फक्त गुरुवार आणि रविवार. दोनच नियम. एक, ओळीत माणूस पाहिजे आणि त्याने काय केलं ते पाहिजे. "सिस्टर चांगल्या आहेत" चालणार नाही, "सिस्टरनी सुई टोचताना मला मुलीच्या दहावीबद्दल विचारलं, सुई कळलीच नाही" हे चालेल. दुसरा, खोटं लिहायचं नाही. एका रविवारी मी फक्त "लाइट गेली नाही" एवढंच लिहिलंय, आणि डायलिसिसवाल्याला ते काही कमी नाही.

डावं पान चालूच ठेवायचं बरं का. आजही माझ्या बऱ्याच तारखांना डावं पान भरलेलं आणि उजवीकडे एक ओळ असं आहे.

सहावी स्टेप: तोंडाने बोलून दाखवा, हे सगळ्यात अवघड

आपल्याकडे घरात थँक्यू म्हणायची पद्धतच नाही. आभार म्हटलं की स्टेजवर उभं राहून "सर्वप्रथम मी..." असंच वाटतं. मी बायकोला पहिल्यांदा थँक्यू म्हटलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, ताप आलाय का?"

मग कळलं की शब्द नको, तपशील सांगायचा. "अगं, तू भाजी उकळून पाणी फेकून देतेस ना, त्यामुळे यावेळी पोटॅशियम नॉर्मल आलं." एवढंच. ती काही बोलली नाही, पण रिपोर्ट दोनदा हातात घेऊन बघितला. पहाटे पाचला सोडायला येणाऱ्या रिक्षावाल्या भाऊंना सांगितलं, "तुम्ही खड्डे चुकवता म्हणून परत येताना हात दुखत नाही." युनिटमध्ये तक्रारीचं रजिस्टर असतं, त्यात मी एकदा टेक्निशियन दादाचं नाव घालून चांगलं लिहिलं. इन्चार्ज मॅडम घाबरून आल्या, काय झालं म्हणून, कारण त्या रजिस्टरमध्ये कधी कुणी चांगलं लिहिलेलंच नव्हतं.

समोरासमोर जमत नसेल तर फोनवर व्हॉइस मेसेज टाका. बेडवर ४ तास असतात, एका हाताला सुया, दुसरा मोकळा. मी पहिल्या तासात एकाला फोन करतो, ज्याचं काही देणं राहिलंय अशा माणसाला. शाळेतल्या एका मित्राने १९९८ मध्ये दुकानाच्या डिपॉझिटला पैसे दिले होते, परत केले होते पण नीट बोललो कधीच नव्हतो. चौथ्या तासात करू नका, तेव्हा माणूस दमलेला असतो आणि उगाच रडू येतं.

आणि मदत घ्यायला शिका, हे त्यातच आलं. पैशाचं म्हणाल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलला आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड-आधार घेऊन त्यांना आधी भेटा. मी "फुकटचं नको" म्हणून पाच महिने खिशातून भरले, त्या ताठ्याची किंमत बायकोच्या पाटल्या.

सातवी स्टेप: नवीन माणसाशेजारी बसा

तुम्हाला वाटेल आपल्याकडेच ताकद नाही तर दुसऱ्याला काय देणार. पण पहिल्या दिवशी आलेल्या पेशंटचा चेहरा एकदा बघा, तो डॉक्टरचं काही ऐकत नसतो, तो तुमच्याकडे बघत असतो, की चार वर्षं झालेला माणूस कसा दिसतो.

मी सल्ले देत नाही. चारच गोष्टी सांगतो. सुरुवातीला डोकं दुखू शकतं, अंगावर काढू नका, सिस्टरना सांगा. गरगरलं तर लाजू नका, लगेच हाक मारा. पांघरूण आणा, इथे एसी फार असतो. आणि मी पण पहिल्या दिवशी रडलो होतो. चौथी गोष्ट ऐकली की खांदे जरा खाली येतात. हे केल्यावर घरी जाताना मला जे वाटतं ते वहीतून कधीच वाटलेलं नाही, म्हणून ही स्टेप वगळू नका, भले महिन्यातून एकदा करा.

आठवी: काहीच चालत नाही ते दिवस

खिडकीजवळच्या बेडवर एक काका होते, निवृत्त पोस्टमन, दर शुक्रवारी शब्दकोडं मोठ्याने वाचायचे आणि सगळा हॉल उत्तरं द्यायचा. एका सोमवारी बेडवर दुसरंच कुणी. आम्ही कुणी काही विचारलं नाही, सिस्टर पण खाली बघून काम करत होत्या. त्या दिवशी आभार मानायचा मी प्रयत्नसुद्धा केला नाही. वहीत फक्त तारीख लिहिली. असे दिवस येतात आणि त्या दिवशी तारीख लिहिली तरी पुष्कळ झालं, पुढच्या शुक्रवारी बेड सहाच्या मावशींनी पेपर काढला आणि विचारलं, "आडवा तीन, चार अक्षरी."

पण एक नीट ऐका. दोन आठवडे झाले तरी कशात मन लागत नाही, झोप नाही, जेवण जात नाही, आणि "आज डायलिसिसला जाऊच नये, सुटेन एकदाचा" असं मनात यायला लागलं तर ते वहीचं काम नाही. डायलिसिसवाल्यांमध्ये डिप्रेशन बऱ्याच जणांना येतं, त्यात मनाचा कमकुवतपणा नाही. किडनीच्या डॉक्टरांना सरळ सांगा, ते मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवतील, आणि तिथे गेल्यावर डायलिसिस चालू आहे हे पहिलं सांगा, गोळ्यांचा डोस त्यावर ठरतो. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मीही एका रात्री अडीच वाजता फोन केलाय. पलीकडच्या ताईंनी उपदेश केला नाही, ऐकून घेतलं, आणि शेवटी एवढंच विचारलं की उद्या युनिटला कोणाबरोबर जाताय.

घरच्यांसाठी थोडं

हे सगळं पेशंटला करू द्या, त्याच्या मागे लागून करून घेऊ नका. "आज लिहिलं का?" असं विचारलं की वही मेली समजा. पाण्याच्या बाटलीवर नजर ठेवा पण नळ बंद करू नका, तो हिशोब त्याचा त्याला ठेवू द्या, कारण एवढ्या सगळ्यात ती एकच गोष्ट त्याच्या हातात असते.

आणि तुमची पण वेगळी वही आणा. गेल्या दिवाळीला बायकोने दुकानातून एक आणली, मला वाटलं हिशोबाची असेल. एकदा टेबलावर उघडी राहिली होती, डावं पान गच्च भरलेलं, उजवीकडे दोन ओळी. मी वाचल्या नाहीत, मिटून कपाटात ठेवली.